जोडी गात नाही

दोह्यात हिवाळा आल्याचं आधी कानांना कळतं. एप्रिलपासून घरात अष्टौप्रहर चाललेली एसीची घरघर नोव्हेंबरच्या शेवटाला एखाद्या संध्याकाळी बंद होते, बाल्कनीचं दार सरकतं, आणि इतके महिने आपण कसल्या गोंगाटात जेवत, झोपत, भांडत होतो ते लक्षात येऊन माणूस जरा ओशाळतो. मग एकेक आवाज परतून येतात. खालच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी, मशिदीतली अजान, जुन्या विमानतळाकडच्या रस्त्यावरच्या गाड्या, कुणाच्या तरी घरातलं किरकिरणारं पोर. अल हिलालमधल्या या फ्लॅटमध्ये माझी बरीच वर्षं गेली, आणि दर वर्षी ही संध्याकाळ मला दिवाळीपेक्षाही जास्त आवडते हे मी सासरी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

परवा मंदारने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, एसी बंद करून दार सरकवलं. आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या पिंजऱ्यातून गाणं सुरू झालं. शेजारच्या बाई वाटी परत द्यायला दारात आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "किती गोड गातोय हो. इतकी वर्षं पाळलाय तुम्ही, पण कधी ऐकला नव्हता." मी हसून वाटी घेतली. पोळ्या लाटायला वळले तेव्हा पोळपाट नीट दिसेना. हे गाणं आमच्या घरात चार वर्षांनी ऐकू येत होतं, आणि ते पुन्हा कधी ऐकू येऊ नये अशी माझी इच्छा होती.

पक्षी आहे चिमणीएवढा. पाठ शेवाळी, गळा पिवळा, छातीवर नारिंगी झाक, पंखांच्या कडेला लाल-पिवळी रेघ. चोच इतकी लाल, की नुकतीच कुंकवाच्या करंड्यातून काढली असावी. दुकानदार त्याला पेकिन रॉबिन म्हणाला होता. मराठीत त्याला नाव असेल असं वाटत नाही, कारण आपल्या सह्याद्रीत तो नसतोच. तो हिमालयाच्या उतारांवरचा, तिथून पुढे पार चीनपर्यंतच्या डोंगरी जंगलांतला. उंच झाडावर मिरवण्याची त्याला हौस नाही. जमिनीलगतच्या ओल्या झुडपांत, बांबूच्या जाळीत, चार-सहा जणांच्या टोळीने किडे आणि फळं शोधत तो हिंडतो. झाडी इतकी दाट, की हातभर अंतरावरचा सोबती दिसत नाही. म्हणून सगळे सतत बारीक आवाज करत एकमेकांना आपला ठावठिकाणा कळवत राहतात. थंडी वाढली की सगळे मिळून खालच्या दऱ्यांत उतरतात. हे सगळं मी नंतर वाचलं. आणला तेव्हा एवढंच ठाऊक होतं की तो गातो.

तो फुटबॉल विश्वचषकाच्या आधीचा हिवाळा. आता आठवलं की आधी धूळ आठवते. सगळं शहर उकरून ठेवलेलं होतं. मंदारची कंपनी रस्त्यांच्या कामात, त्यामुळे त्याला घरी यायला उशीर, आणि आल्यावर बुटांतून निघणारी वाळू गॅलरीत झटकायचं काम माझं. आज ज्या वाटेने ईराला शाळेत सोडलं ती वाट दुपारी आणायला जाताना बंद झालेली असायची. नारिंगी पिंपं, बाणांचे फलक, आणि फलकाखाली डोकं-तोंड कापडाने गुंडाळून उभी असलेली माणसं. कॉर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, सामन्यांना उरलेले दिवस उलटे मोजणारं घड्याळ लागलं होतं. ज्याला त्याला विचारावं तर उत्तर एकच, इन्शाल्ला, मॅचच्या आधी खलास. दूर मोकळ्या जागी स्टेडियमची छतं संध्याकाळी उजळून निघत आणि ईरा गाडीच्या काचेला नाक लावून ती बघत बसे.

त्या हिवाळ्यात अण्णा आमच्याकडे आले. अण्णा माझे सासरे. त्यांची सगळी नोकरी नाशिकला सरकारी मोजणी खात्यात झाली. जमिनीच्या हद्दी मोजायच्या, खुणा पक्क्या करायच्या. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, साथीच्या लाटेत, माझ्या सासूबाई गेल्या. हॉस्पिटलात अण्णांना आत सोडलं नव्हतं. आणि मंदारला इथून वेळेवर जाता आलं नाही. तो गेला तेव्हा सगळं उरकलेलं होतं. त्या दिवसांबद्दल तो आजही बोलत नाही. पण परत आल्यावर त्याने एक गोष्ट मनाशी पक्की केली: अण्णांना आता एकटं ठेवायचं नाही. त्यांना इथे आणायचं, कायमचं, आणि सातपूरचं दोन खोल्यांचं घर विकून टाकायचं.

माझं लग्न होऊन मी त्या घरात गेले तेव्हाची एक गोष्ट इथे सांगायला हवी. पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी अण्णा आणि सासूबाई मागच्या पायरीवर बसून वाटाणे सोलत होते. एकच परात, दोघांच्या मध्ये. तासभर झाला तरी दोघांपैकी कुणी तोंड उघडलं नाही. मी आतून बघत होते. रात्री मंदारला हळूच विचारलं, "त्यांचं काही बिनसलंय का?" तो खो खो हसला. म्हणाला, "अगं, ते असेच आहेत." खरोखरच ते तसेच होते. सासूबाई काही अबोल नव्हत्या, भाजीवालीशी चांगल्या हुज्जत घालायच्या. पण ही दोघं एकत्र असली की घरात शब्दांची गरज पडत नसे. अण्णांनी हात पुढे केला की त्यात चष्मा यायचा.

आणि हे अण्णा दोह्याला आले ते बोलतच आले. विमानात शेजारी बसलेल्या माणसाची सगळी माहिती त्यांनी घरी येईपर्यंत आम्हाला सांगितली. मग लिफ्टमध्ये भेटणारी माणसं, बकाल्यातला, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातला पोऱ्या, इमारतीचा राखणदार, ईराच्या शाळेच्या बसची बाई. कुणाशी हिंदीत, कुणाशी तोडक्या इंग्रजीत, कुणाशी सरळ मराठीत. गोदावरीचं पाणी, कालव्यांची मोजणी, द्राक्षांच्या बागा, १९८० सालची बदली. ईराला रोज सकाळी इथल्यासारखं "यल्ला, यल्ला", म्हणजे चल चल, म्हणत बसपर्यंत सोडायचे आणि परतताना वाटेत कुणाला तरी गाठून अर्धा तास उभे. मंदारच्या कंपनीची गाडी चालवणारा ज्ञानोबा बीडकडचा. बायको-मुलं गावी, तो इथे कॅम्पमध्ये. तो मला एकदा म्हणाला, "ताई, काकांसंगं बोललं की गावाकडं जाऊन आल्यावानी वाटतंय बगा. लई मोकळा माणूस."

मोकळा माणूस. मंदारने हे ऐकलं आणि त्याचा चेहरा कित्येक महिन्यांनी सैल झाला. फोनवर तो नातेवाइकांना सांगू लागला, "अण्णा इथे मस्त रुळलेत. आई होती तेव्हा जेवढे बोलत नव्हते, तेवढे आता बोलतात." नाशिकहून एजंटाचा फोन आला. घराला गिऱ्हाईक मिळालं होतं. त्यांना घर पसंत होतं, फक्त स्वयंपाकघराचा ओटा फार बुटका आहे, तो तोडून नवीन घालू म्हणाले. मंदारने जेवताना हे सांगितलं. अण्णांनी आमटी वाढून घेतली आणि ज्ञानोबाच्या गावात यंदा कापूस कसा आहे ते सांगायला लागले. मंदारला वाटलं, हरकत नाही म्हणजे होकारच.

पक्षी आणायची कल्पना ईराची. ती तेव्हा दहा वर्षांची, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत. "आजोबा गेट्स बोअर्ड इन द आफ्टरनून," तिचं म्हणणं. मग एका शुक्रवारी आम्ही सगळे सूक वाकिफ या इथल्या जुन्या बाजारात गेलो. मसाल्यांच्या आणि अत्तरांच्या गल्ल्या ओलांडून पुढे गेलं की पक्ष्यांचा बाजार लागतो. पिंजऱ्यांवर पिंजरे, जमिनीवर पसरलेलं भुसकट, पोपटांचा कलकलाट, रंगवलेली कोंबडीची पिल्लं. त्या सगळ्या गोंधळातून एका दुकानातून हे गाणं आलं आणि अण्णा बोलता बोलता थांबले. दुकानदार केरळचा होता. मी विचारलं, एकटाच आहे, जोडी नाही का? त्याने हात हलवला. "जोडी मत लो मॅडम. जोडी गाता नहीं. अकेला रखो, दिनभर गाएगा."

आणि खरंच तो दिवसभर गायचा. सकाळी दूध तापत असायचं तेव्हापासून सूर्य बुडेपर्यंत. त्या हिवाळ्याच्या आठवणीत घरभर गाणं आहे, उघड्या दारातून येणारी गार हवा आहे, पपईच्या फोडीचा वास आहे, आणि पेपरवर पाणी उडवत त्याने केलेली आंघोळ आहे. पाण्याची त्याला फार हौस. बशी ठेवली की आत उतरून असा फडफडायचा, की गॅसची शेगडी पुसावी लागे. दिवाणखान्यात अण्णांचं बोलणं आणि स्वयंपाकघरात त्याचं गाणं. आल्यागेल्याने म्हणावं, घर कसं भरलेलं वाटतं तुमचं. मलाही तसंच वाटायचं.

अण्णांनी मात्र त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायला सुरुवात केली. दुपारची झोप सोडून ते तिथे बसत. आयुष्यभर लोकांच्या बांधांवर उभं राहून नजर ठरलेली; त्यांना घाई नसते. एका दुपारी मी मेथी निवडत होते. ते म्हणाले, "मेधा, हा कुठे बसतो बघितलंस?"

मी म्हटलं, "दांडीवर."

"दांडीच्या टोकाला. पार कडेला, जाळीला चिकटून. एवढी दांडी मोकळी आहे, मधोमध बसायला काय झालं? पण रोज तिथेच. शेजारी जागा सोडून."

मी बघितलं. तसंच होतं. त्यानंतर मला ते दिसतच राहिलं.

"आणि गाऊन झालं की थांबतो," अण्णा म्हणाले. "मान वाकडी करून. पलीकडून कुणी काही बोलेल तेवढा वेळ. मग पुन्हा सुरू."

मेथीची जुडी माझ्या हातात तशीच राहिली. अण्णांचं बोलणं मी इतके दिवस ऐकत होते. तेही असेच थांबत. गोष्ट संपली की क्षणभर मान कलती करून समोरच्याकडे बघत, आणि समोरचा लिफ्टमधला माणूस "अच्छा, अच्छा" म्हणून निघून गेला की दुसऱ्याला गाठत.

"तो गात नाहीये गं," अण्णा म्हणाले. "हाका मारतोय."

मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. दोह्यात आल्यापासून एवढा वेळ गप्प बसलेले मी त्यांना पहिल्यांदा पाहत होते. शेवटी जाळीकडे बघतच म्हणाले, "ती होती तेव्हा मला बोलावं लागत नव्हतं. आता तोंड बंद केलं की घर रिकामं होतं. तुमचं घर भरलेलं आहे, त्यात तुमचा काही दोष नाही. पण मी बोलायचा थांबलो की मला ऐकू येतं, ती नाही ते." पुढे म्हणाले, "तो ओटा मी तिच्या उंचीचा घालून घेतला होता. गवंडी म्हणाला, साहेब, नियमाप्रमाणे उंच हवा. मी तिला उभी केली आणि कोपरापाशी खूण केली."

मी मेथी तशीच टाकून रडले. त्यांच्यासमोर सुनेने असं रडणं आमच्याकडे बसत नाही, पण त्या दुपारी ते चाललं. थोड्या वेळाने अण्णा उठले आणि त्यांनी मला पाणी आणून दिलं.

संध्याकाळी मंदार आला. अण्णांनी त्याला घराबद्दल काहीच सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "याची दुसरी तिथेच असणार. जाऊन आण." मंदार दमलेला होता, रस्ता पुन्हा कुठेतरी वळवलेला होता, तरी गाडी काढली. दुकानदाराला हसू आलं. आढेवेढे न घेता त्याने सांगितलं की मादी आहे, मागच्या खोलीत. एकाच खोक्यातून दोघं आली होती. नर पुढे ठेवायचा, मादी मागे. तिचा बारीक आवाज कानावर यावा पण ती दिसू नये. मग नर चांगला गातो आणि लवकर विकला जातो. या धंद्यात सगळे तसंच करतात. "लेके जाओ, लेकिन गाना खतम," असं त्याने दोनदा बजावलं.

ती जराशी फिकी, एरवी हुबेहूब त्याच्यासारखी. पिंजऱ्यात सोडली तेव्हा दोघांनी आरडाओरडा केला नाही. ती दांडीवर उतरली, बाजूबाजूने सरकत गेली आणि त्याने रोज मोकळ्या ठेवलेल्या जागी जाऊन टेकली. मध्ये बोटभरही फट उरली नाही. मग त्याने मान खाली घातली आणि ती त्याच्या मानेची पिसं चोचीने साफ करू लागली. रात्री दोघं झोपलीही तशीच, मिळून एक गोळा. जंगलात म्हणे टोळीच्या टोळी अशी फांदीवर ओळीने चिकटून झोपते.

दुसऱ्या दिवशी घरात गाणं नव्हतं. ईरा शाळेतून आली आणि घाबरली. "ही स्टॉप्ड सिंगिंग. इज ही सिक?"

अण्णा म्हणाले, "नाही बाळा. बरा झालाय."

मंदार त्या दिवशी लवकर घरी आला होता, तिथेच डबा उघडत उभा होता. त्याने आधी पिंजऱ्याकडे बघितलं, मग अण्णांकडे. आपल्या नवऱ्याला मी बुद्धिमान वगैरे फारसं म्हणत नाही, डोक्यात जाईल म्हणून. पण त्या घटकेला त्याला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. तो खुर्ची ओढून अण्णांच्या शेजारी बसला. म्हणाला, "अण्णा, मी त्यांना नाही सांगतो. घर राहू दे."

"राहू दे," अण्णा म्हणाले.

"तिथे एकटे राहाल तुम्ही."

"इथेही एकटाच आहे रे. तिथे निदान ती कुठे नाही ते मला ठाऊक आहे."

मंदारने मान खाली घातली. बापलेक एकमेकांजवळ बसून राहिले. त्या दोघांनी सासूबाईंसाठी केलेला शोक मी पाहिला तो एवढाच, आणि तो एकही शब्द न बोलता केलेला होता.

उकाडा सुरू होण्याआधी अण्णा नाशिकला परतले. ज्ञानोबाने त्यांना विमानतळावर सोडलं आणि येताना मला म्हणाला, "काका आज काईच बोलले न्हाईत, ताई. बरं हाय न्हवं?" मी म्हटलं, बरं आहे. मग घड्याळाचे आकडे संपत आले, पिंपं हटली, रस्ते आरशासारखे झाले, फलकाखालची माणसं दिसेनाशी झाली, आणि जग आमच्या दारात येऊन महिनाभर नाचून निघून गेलं. अण्णांनी सामने नाशिकला टीव्हीवर पाहिले. फोनवर विचारलं तर म्हणाले, "पाहिले. छान होते. ठेवतो." तेव्हापासून दर शुक्रवारी सकाळी फोन, आणि दर शुक्रवारी एवढंच. जेवलात का, हो. गुडघा कसा आहे, बरा. ठेवतो. मंदारचे चुलते काळजी करतात, अण्णा हल्ली बोलत नाहीत म्हणून. आम्ही दोघं ती काळजी करत नाही. आमच्या पिंजऱ्यातही चार वर्षं फक्त बारीक किचकिच असायची, वसंतात फार तर एखादी तान. बाकी शांतता, आणि ती ऐकायची आम्हाला सवय झाली होती.

परवा सकाळी मादी पिंजऱ्याच्या तळाशी पडलेली होती. वय झालं असेल. ईरा आता चौदा वर्षांची. तिनेच रुमालात गुंडाळून कढीपत्त्याच्या कुंडीत पुरली आणि दार लावून बसली. दिवसभर तो तळापाशी उतरायचा, वर जायचा, पुन्हा उतरायचा. संध्याकाळी एसी बंद झाला आणि तो गायला लागला. दांडीच्या टोकाला बसून, शेजारी जागा सोडून.

मंदार वस्तू मोडली की दुरुस्त करणारा माणूस. त्याने दोन दिवस कळ काढली. आज शुक्रवार, सकाळीच गाडीच्या किल्ल्या हातात घेऊन म्हणाला, "यल्ला, मी सूकला जाऊन येतो. मिळेल दुसरी." तेवढ्यात अण्णांचा फोन आला. मी उचलला. मागचं गाणं त्यांच्या कानावर गेलं असावं; जेवलात का हे विचारायच्या आतच ते म्हणाले, "गातोय?"

"हो अण्णा."

"ती गेली?"

"परवा."

ते थांबले. मागे कुठेतरी सातपूरच्या गल्लीत कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "मंदार निघाला असेल आणायला. त्याला सांग, घाई करू नकोस. तेव्हा ती भिंतीपलीकडे होती, म्हणून आणली. आता ती नाही. आणायची तर आण पुढे कधीतरी. आधी गाऊ दे त्याला."

मी मंदारला सांगितलं. त्याने किल्ल्या खुंटीला अडकवल्या.

"मला जरा ऐकव," अण्णा म्हणाले.

मी फोन जाळीपाशी धरला. तो गायला, थांबला, मान वाकडी केली. पुन्हा गायला. पुन्हा थांबला. त्या मधल्या शांततेत फोनमधून अण्णांचा श्वास ऐकू येत होता. हात अवघडला म्हणून मी फोन पिंजऱ्यावरच टेकवून ठेवला आणि मंदारशेजारी जाऊन बसले. आज अण्णांनी "ठेवतो" म्हटलं नाही.